दोरीपलीकडे बसलेले आबा

कामशेतच्या फलाटावर आबा आलेच नाहीत. स्टेशनाबाहेर तांदळाच्या पोत्यांची थप्पी लागली होती, तिच्यापाशीच ते थांबले. "तू जा म्होरं. मी हितनंच बगतो. आत साह्यबलोक असत्यात," एवढंच म्हणाले. मी अठरा वर्षांचा होतो आणि मला त्यांचा राग आला. आपल्या पोराला गाडीत बसवायला आलेल्या माणसानं पोत्यांना टेकून का उभं राहावं, ते मला तेव्हा कळलं नाही.

आमच्यातलं बोलणं तसं चार दिवसांपूर्वीच संपलं होतं. तळेगावच्या बाजारात भरतीची माणसं आली होती. त्यांच्यात एक हवालदार होता, छातीवर दोन बिल्ले, मिशीला पीळ. तो चावडीवर आला तेव्हा कारकून उठून उभा राहिला, आणि कारकुनाला बघून पाटीलही उठला. आमच्या आबांसाठी कधी कुणी उठलं नव्हतं. मी तिथंच ठरवलं आणि संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं. आईनं डोळ्याला पदर लावला. आबा भाताच्या पेंढ्या बांधत होते, त्यांनी मान वर न करता विचारलं, "घरात खायाला न्हाई व्हय?" आहे म्हणालो. "मंग पोटासाटी जात न्हाईस. पोटासाटी जाणारा रडत आला तरी चालतंय. तू तसा येऊ नगंस."

गाडी सुटली तेव्हा मी दारातून वाकून पाहिलं. ते पोत्यांपाशीच उभे होते. हात हलवला नाही, मीही हलवला नाही.

हे मी कुणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. मारुती, माझा धाकटा भाऊ, त्याला वाचता येत नाही, पण त्याची सून वाचून दाखवील. आणि पलटणीतले माझे जोडीदार, जे आता कुणी पुण्यात पहारेकरी आहेत, कुणी मुंबईला गिरणीच्या फाटकावर. तुम्ही मला भेटलात की म्हणता, "मेजर, तुमचं काय, तुम्ही वर गेलात." वर म्हणजे किती वर आणि कशाच्या वर, ते एकदा सांगून टाकावं म्हणतो.

बेळगावला पहिले सहा महिने मी नुसता पाय आपटत होतो. डावा, उजवा. 'फालिन' म्हटलं की रांगेत, 'डिसमिस' म्हटलं की मोकळं. भाषा निराळीच होती, अर्धी हिंदुस्तानी, अर्धी साहेबाची, आणि तिच्यात शिवी मात्र मराठीत. मला ते सगळं आवडलं, खोटं कशाला सांगू. आमच्या वाडीत पावसाळा आला की कोण केव्हा उठेल, कोण कुणाच्या बांधावर जाईल, कशाला काही धरबंध नसायचा. इथं बिगूल वाजला की आठशे माणसं एका दमात उठत. वाचायलाही मी तिथंच शिकलो. पहिलं पत्र मी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि वाडीत ते वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून आबांनी ते कामशेतला नेऊन एका वाण्याकडून वाचून घेतलं.

मग मोठी लढाई लागली आणि आम्हाला आगबोटीनं बसऱ्याकडं नेलं, तुर्कांशी लढायला. त्या लढाईचं मी फारसं सांगत नाही. लोकांना गोष्टी हव्या असतात आणि माझ्याकडं बहुतेक चिखल, माश्या आणि तहान आहे. एकच सांगतो. माघारीच्या दिवसांत आमच्या तुकडीचा साहेब पडला, सुभेदार पडला, आणि नऊ माणसं माझ्याबरोबर राहिली. मी तेव्हा नुसता नाईक, हवालदाराच्या एक पायरी खाली. दोन दिवस चालत होतो. माणूस चालता चालता झोपतो आणि झोपला की बसतो, बसला की उठत नाही. म्हणून मी त्यांना हाका मारत राहिलो. नावानं हाक मारली तर ओ देत नव्हते. गावाच्या नावानं मारली तर देत होते. "वडिवळे!" की एकजण "जी!" म्हणायचा. "खडकाळे!" की दुसरा. नऊच्या नऊ माणसं मी छावणीत आणली. त्याबद्दल मला एक बिल्ला मिळाला आणि हवालदारी मिळाली. मला वाटलं, आता आपण तळेगावच्या चावडीवर आलो.

लढाई संपून परत आलो तो कामशेतला उतरून थेट आंदर मावळाच्या वाटेला लागलो. अंगावर वर्दी, पाठीवर ट्रंक, आईसाठी एक काचेचा कंदील. खिंड चढून आलो की आमची वाडी दिसायची. बावीस घरं, खाली भाताची खाचरं, ओढ्याकाठी उंबर. खिंडीत आलो आणि खाली पाणी होतं. ह्या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत नुसतं पाणी, सपाट, वाऱ्यानं थरथरणारं. मला पहिल्यांदा वाटलं वाट चुकलो. मग समोरच्या डोंगराचा सुळका ओळखला आणि ट्रंक खाली ठेवली.

गवताचा भारा घेऊन एक म्हातारी चढून आली. मी विचारलं, "मावशी, हितली वाडी?" तिनं माझ्या बिल्ल्यांकडं पाहिलं. "धरान झालं की रं. मुंबैला इजंचं दिवं लावायला. दोन पावसाळं झालं. तू कुटं हुतास?"

मी कुठं होतो! सरकारसाठी लढत होतो आणि सरकारच्याच कायद्यानं माझं घर पाण्यात गेलं होतं.

आमची माणसं मला वडिवळ्याच्या वर, एका उघड्या माळावर सापडली. कुडाच्या भिंती, वर गवत. आई बाहेर दगडांच्या चुलीशी बसली होती, ती उठून माझ्या गळ्यात पडली. आबा आतून आले.

"घर बगून आलास?"

"पाणी बघून आलो," मी म्हणालो. "मला कळवलं का नाही?"

"तू लडाईत. कळवून काय, तितनं गोळी मारणार हुतास?"

मारुती हसला, आणि मग कुणीच हसलं नाही. जमिनीपोटी काही रक्कम हातावर ठेवली होती, ती बैल आणि कुडाच्या भिंती यांत संपली. भातजमीन कुणी दिली नाही. ज्या माळावर ते बसले होते तिथं पावसाळ्यात नाचणी व्हायची आणि प्यायचं पाणी कोसभर खालून डोक्यावर आणायचं. पाण्यानं उठवलेल्या माणसांना प्यायला पाणी नव्हतं! हे मी आजही कुणाला सांगायला लागलो की माझा आवाज चढतो आणि काशी, माझी बायको, म्हणते, "हळू, हितं परेड न्हाई."

मी आबांना घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो. वर्दी घातली, बिल्ले लावले, बूट असे चमकवले की त्यात तोंड दिसावं. मला खात्री होती. माझ्या एका शब्दावर शंभर माणसं उजवीकडं वळत होती. दारातल्या कारकुनानं वर पाहिलं, कागदात पाहिलं आणि म्हणाला, "मिलिटरीचं इथं काय काम? बाहेर बसा, बोलावू." बाहेर पायऱ्या होत्या. त्या दिवशी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा जाऊन पायऱ्यांवर बसलो. आबा तंबाखू मळत होते. मधेच माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुज्यासाटी बी कोन उटलं न्हाई रं."

तिसऱ्या दिवशी मी आत घुसलो आणि परेडच्या मैदानावर ओरडतात तसा ओरडलो. कारकुनाच्या हातातली दौत सांडली. आतला अधिकारी बाहेर आला, त्यानं माझा नंबर आणि पलटण विचारून घेतली आणि अतिशय शांतपणे म्हणाला, "तुम्ही जाऊ शकता." आबा बाहेर पायरीवर उभे होते. मला बघून ते पायऱ्या उतरले आणि घरच्या वाटेला लागले.

मी पलटणीत पोहोचायच्या आधी पत्र पोहोचलं होतं. कर्नलसाहेबांनी मला पेशीला उभं केलं. "तुम सिपाही है या वकील?" मी म्हणालो, सिपाही. त्यांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं. फार वर्षांनी, आमच्या कचेरीतला बाबू मित्र झाला तेव्हा, त्यानं मला ते वाचून दाखवलं. 'उत्तम शिपाई. मुलकी बाबतीत हुज्जतखोर.' मागून किती कर्नल आले आणि गेले, ती ओळ राहिली.

तरी मी हवालदार-मेजर झालो. ज्यांना ते काय असतं माहीत नाही त्यांना सांगतो. वर्दीला फीत लावणाऱ्या माणसांत त्याच्यावर कुणी नसतं, आणि त्याच्यावरचे जे असतात त्या सगळ्यांचं काम तोच करत असतो. कुणाचा बूट फाटला, कुणाची बायको पळाली, कुणाच्या पोटात दुखतं, कुठला पहारा झोपला, भाजीत मीठ का नाही, सगळं त्याच्याकडं. विलायतेहून विशीतला साहेब यायचा, मी त्याला आमच्या माणसांची नावं उच्चारायला शिकवायचो, ऊन लागू नये म्हणून टोपी कशी घालायची ते सांगायचो, आणि मग त्यालाच खाडकन सलाम ठोकायचो. दोन वर्षांत तो माझा कंपनी कमांडर. मी तिथंच.

पुढची पायरी जमादारीची. साहेबाच्या बरोबरीची नव्हे, पण खांद्यावर तारा, कमरेला पट्टा, शिपायांकडून सलाम. माझ्या हाताखाली शिकलेली चार माणसं जमादार झाली. दरवर्षी यादी लागली की मी त्यांचं अभिनंदन करायचो आणि रात्रीच्या हजेरीत माझा आवाज जरा जास्तच चढायचा. काशी तळेगावची, तोंडानं तिखट. ती बेळगावच्या लाइनीत, म्हणजे पलटणीच्या चाळीत, माझ्याबरोबर राहायला आली तेव्हा म्हणाली होती, "तुमी सगळ्यांना वरडता, आन् तुमच्यावर वरडायला कोन न्हाई म्हून मला आनलंय." तिला एकटीला माहीत होतं की मी यादी लागायच्या आधी आठवडाभर जेवत नाही.

आता ते सांगतो ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

एका हिवाळ्यात पलटणीचा तळ मावळात पडला. दहा दिवसांची कवायत, डोंगर चढायचे, खोट्या शत्रूवर चालून जायचं. साहेबांनी नकाशा पसरला आणि मला जागा दाखवली. निळ्या रंगाच्या काठावर. आमची वाडी त्या निळ्यात कुठं होती ते मी बोटानं दाखवू शकलो असतो. नवा लेफ्टनंट माझ्या शेजारी उभा राहून पाण्याकडं बघत म्हणाला, "हवालदार-मेजर, बहुत अच्छा तालाब है." मी म्हणालो, "जी साब." संध्याकाळी तो पोहायला उतरला आणि टॉवेल घेऊन कुणाला उभं करायचं ते मी ठरवलं.

तळाच्या भोवती दोरी बांधली, तिच्यावर लाल चिंध्या. हुकूम माझा होता. आसपासच्या वाड्यांतली माणसं दूध, कोंबड्या विकायला येतात, दोन वर्षांपूर्वी एका तळावरून काडतुसं गेली होती, म्हणून मी पहाऱ्यांना बजावलं, "गावचं माणूस दोरीच्या आत येणार नाही. कुणीही. कसलंही कारण सांगो. आणि मला विचारायला यायचं नाही." हुकूम चांगला होता. आजही मी तोच देईन.

सातव्या दिवशी कर्नलसाहेबांची तपासणी होती. त्या वर्षी दोन जमादारांच्या जागा होत्या आणि सुभेदार-मेजरांनी मला कानात सांगितलं होतं, "या खेपेला तुझं नाव वर आहे. आज काही चुकू देऊ नको." सकाळपासून मी तंबूच्या खुंट्या एका ओळीत आहेत का ते बघत हिंडत होतो. दहाच्या सुमारास मी दोरीकडं पाहिलं आणि आबा दिसले.

ते म्हातारे झाले होते. डोक्याला मुंडासं, हातात गाठोडं, पायांत काही नाही. वडिवळ्याहून डोंगर ओलांडून आले असणार, म्हणजे पहाटेच निघालेले. पहाऱ्यावर कोकणातला एक शिपाई होता, नेकीचा पोरगा, नुकताच भरती झालेला. काय बोलणं झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं. आबा म्हणाले, "आमचा गण्या हाय का आत?" तो म्हणाला, "इथं गण्या कुणी नाही, बाबा. दोरीमागं व्हा." आबा म्हणाले, "गनपत. हवालदार हाय. त्येला सांग, आबा आल्यात." तो म्हणाला, "सांगायचा हुकूम नाही." आबांनी विचारलं, "कुनाचा हुकूम?" आणि त्या पोरानं खरं ते सांगितलं, "हवालदार-मेजर गणपतसाहेबांचा."

मग आबा दोरीपलीकडं एका दगडावर बसले.

मी चाळीस पावलांवर होतो. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. कर्नलसाहेब घोड्यावरून उतरत होते. मी वळलो आणि "परेड, सावधान" म्हणून असा ओरडलो की डोंगरातून आवाज फिरून आला.

तपासणी लांबली. त्यांनी बूट पाहिले, बंदुकीच्या नळ्या पाहिल्या, लंगरात जाऊन भांडी पालथी करून पाहिली. इथपर्यंत माझा इलाज नव्हता असं मी म्हणू शकतो आणि पुष्कळ वर्षं म्हणत आलो. पण मग साहेब चहाला तंबूत गेले. माणसं 'आराम से' उभी होती. मी मोकळा होतो. जाऊन दोन शब्द बोलून येण्याएवढा वेळ होता, आणि ती चाळीस पावलं मी गेलो असतो तर कुणी काही म्हटलं नसतं. सुभेदार-मेजर माझ्या शेजारी आले. दोरीकडं बघून म्हणाले, "तो म्हातारा कोण रे? सकाळपासून बसलाय."

माझ्या डोक्यात त्या वेळी काय काय आलं ते मी नीट सांगू शकतो. कागदावरची ती ओळ आली. मुलकी बाबतीत हुज्जतखोर. हवालदार-मेजरचा बाप अनवाणी आहे आणि तो ह्याच पाण्याखालच्या गावचा आहे, हे साहेबाला कळेल, मग तो विचारील, मग मी काहीतरी बोलून जाईन, असं सगळं आलं. आणि मी म्हणालो, "असेल कुणी. गावचा."

साहेब चहा पिऊन बाहेर आले आणि तपासणी पुढं सुरू झाली. दुपार कलली तेव्हा मी पुन्हा दोरीकडं पाहिलं. दगड मोकळा होता.

पहारा बदलल्यावर तो कोकणातला शिपाई माझ्या तंबूशी आला, गाठोडं पुढं केलं. "तो म्हातारा ठेवून गेला. म्हणाला, साहेबाला दे."

"आणखी काय म्हणाला?"

"काही नाही. बराच वेळ पाण्याकडं बघत होता. हा आबा कोण, साहेब?"

"माझा बाप," मी म्हणालो.

त्या पोराचा चेहरा उतरला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तू बरोबर केलंस. हुकूम म्हणजे हुकूम." गाठोड्यात तांदळाच्या भाकऱ्या होत्या, ठेचा होता, आणि वरती एक कांदा. त्या माळावर भात पिकत नव्हता. ते तांदूळ त्यांनी कुठून तरी मागून आणले असणार.

यादी लागली. माझं नाव नव्हतं. त्यात आता नवल काही नाही, पण मी सांगतो ते अशासाठी की ऐकणाऱ्याला वाटेल मी आबांना देऊन जमादारी घेतली. तेवढाही सौदा झाला नाही.

उन्हाळ्यात रजा घेऊन मी माळावर गेलो. वाटभर मनात वाक्यं जुळवत होतो. आबा अंगणात खाटेवर बसले होते. मला बघितलं आणि ते हाताचा टेकू घेऊन, गुडघे धरून, उठून उभे राहिले. "या साह्यब," म्हणाले. मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. त्यांनी खाट माझ्यासाठी मोकळी केली आणि स्वतः जमिनीवर बसले. मी म्हणालो, "आबा, वर बसा." ते म्हणाले, "आसूं दे, साह्यब. आमाला हितं सवय हाय." मी पाया पडलो, रडलोही. आईनं, मारुतीनं त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी कधी एक कडू शब्द काढला नाही. माझी विचारपूस करायचे, बेळगावात पाऊस कसा, सूनबाई बरी का. पण त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी मला गण्या म्हणून हाक मारली नाही. पाच वर्षं. मी आलो की उठून उभे राहायचे. शेवटी शेवटी उठवत नव्हतं, तर मारुतीला हात द्यायला सांगायचे. त्यांच्या मरणाचं कार्ड मला बेळगावात मिळालं, मी पोहोचलो तेव्हा राख सावडून झाली होती.

पेन्शनीत निघालो आणि दुसरी लढाई लागली. मला परत बोलावलं, नवी पोरं घडवायला. पाच वर्षं मी बेळगावच्या मैदानावर पोरांना पाय आपटायला शिकवलं. चांगली पोरं होती. त्यांतली किती परत आली ते मला विचारू नका, मला एकेकाचं गाव पाठ होतं. लढाई संपली, घरी जायला मला रेल्वेचा शेवटचा पास मिळायचा होता. बाबूनं माझी नोंद काढली आणि गावाच्या रकान्यातलं नाव वाचलं. आमच्या वाडीचं. पंचवीस वर्षं पाण्याखाली असलेली वाडी सरकारच्या त्या कागदावर जशीच्या तशी होती, तालुका मावळ, जिल्हा पुणे. "हेच ना गाव?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "स्टेशन कामशेत लिही."

काशीला बेळगाव सोडायचं नव्हतं. लाइनीत तिचं सगळं आयुष्य गेलेलं, पोरी तिथंच दिलेल्या. "त्या माळावं काय हाय? तुमचा आबा बी न्हाई आता," म्हणाली. मी एकटा निघालो. दोन महिन्यांनी ती मागून आली, ट्रंक आपटली आणि म्हणाली, "तुमी हितल्या मानसांना वरडून वरडून माराल, म्हून आले."

तिचं खरं होतं. माळावर मला धड वागताच येईना. पहाटे चारला उठून मी दारं वाजवायचो. कुणाच्या अंगणात कचरा दिसला की आवाज चढायचा. लोक "व्हय मेजर" म्हणायचे आणि करायचं तेच करायचे. आम्ही विहीर खणायला घेतली. कोसभर पाणी आणायचं दुःख अजून तसंच होतं, वरून मुंबईच्या विजेच्या तारा जात होत्या आणि खाली आमच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उतरत होत्या. तालुक्याच्या कचेरीत मी दोनदा अर्ज दिला. राज्य बदललं होतं, निशाण बदललं होतं, पायऱ्या त्याच होत्या. तेव्हा म्हटलं आपणच खणू. मी माणसांच्या टोळ्या पाडल्या, पाळ्या लावल्या, वेळापत्रक करून पिंपळाला चिकटवलं. तिसऱ्या दिवशी सहा माणसं आली, चौथ्या दिवशी दोन. कुणाच्या मेहुण्याचं लग्न, कुणाची म्हैस व्यालेली. मी इतका तापलो की पहार फेकून घरात जाऊन बसलो.

मारुती आला. मारुती आयुष्यात माझ्यापुढं मोठ्यानं बोललेला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "दादा, हुकूम सोड. खाली उतर. तू उतरलास तर येत्याल."

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. उतरलो. कातळ लागला होता. मारुती वर उभा राहून सांगायचा, "तिकडं न्हाई, डाव्या अंगाला मार. टोपलं भर. सरक मागं." मी सरकत होतो. चार दिवस मी एकटाच खाली होतो. पाचव्या दिवशी शेजारचा धोंडू उतरला, मग त्याचा भाऊ. एकवीस हातांवर ओल लागली.

पाणी आलं, पण फार नाही. गढूळ आहे, थोडं मचूळ आहे, आणि चैत्र लागला की तळ दिसतो. कचेरीतून अजून उत्तर नाही. रागही गेलेला नाही, तो जाईल असं मला वाटत नाही. आबांसमोर मला एकदा तरी नीट उभं राहायचं होतं, ते राहून गेलं, आणि त्याला आता इलाज नाही.

तुमच्यापैकी कुणीतरी मला पत्रात विचारलं होतं, मेजर, तुम्ही शेवटी घरी गेलात का? आमची वाडी पाण्यात आहे, बेळगावची लाइन दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे. राहतो इथं माळावर. दर चैत्रात विहिरीचा गाळ काढायला आणि हातभर आणखी खणायला माणसं उतरतात. यंदा पाळी कधी, ते मारुती सांगेल. त्यानं सांगितलं की मी धोतर खोचून उतरतो.